विष ‘चढते’ म्हणजे कुठे जाते? – एका तक्त्याची उलटतपासणी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सर्पदंशाचा एक रंगीत तक्ता आहे. माणसाच्या उजव्या पायाला नाग चावलेला दाखवला आहे. तिथून निघालेला पिवळा मज्जातंतू मांडीतून पाठीच्या कण्यात आणि कण्यातून मेंदूत गेला आहे, आणि या पिवळ्या रेषेला लागून लाल बाण वर वर चढत गेले आहेत. खाली ठळक अक्षरांत वाक्य आहे : ‘नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंत शिरून मेंदूपर्यंत पोहोचते व श्वसनकेंद्र बंद पाडते.’ हा तक्ता दाखवून मी कित्येक वर्षे नववीला शिकवले. तक्ता सुबक आहे, रंग अजून उडालेले नाहीत, आणि मुलांना तो एका दृष्टिक्षेपात समजतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नेमकी हीच आहे.

एका वर्षी तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. तिच्या काकांना पावसाळ्यात रात्री झोपेत मण्यार चावली होती. आठ दिवस कृत्रिम श्वासावर राहून ते वाचले. ती म्हणाली, ‘‘सर, काकांना पायाला चावली होती. पण पहिल्यांदा त्यांच्या पापण्या पडल्या. मग बोलणं जड झालं, गिळता येईना. पाय तर पुष्कळ वेळ हलवत होते. विष पायातून वर जात असेल, तर आधी पाय नको का जायला?’’

मला उत्तर देता आले नाही. ‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते’ असे काहीतरी मी बोललो. शिक्षकाला न येणारा प्रश्न मुलाच्या प्रकृतीवर ढकलण्याची आपली जुनी सवय आहे. घरी जाऊन पुस्तके उघडली तेव्हा लक्षात आले, की प्रश्न बरोबर होता आणि तक्ता चुकीचा.

तक्त्यावरचे वाक्य तपासायला सुरुवातीला पुस्तकही लागत नाही, साधे गणित पुरते. मज्जापेशीच्या लांब तंतूमधून पदार्थांची वाहतूक होते, हे खरे आहे. पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून प्रथिनांनी भरलेल्या पिशव्या दोन्ही दिशांनी ओढल्या जातात. यातली सर्वांत वेगवान वाहतूक दिवसाला फार तर ४०० मिलिमीटर होते, आणि टोकाकडून पेशीकडे येणारी परतीची वाहतूक त्याहूनही मंद असते. तळपायापासून कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर. म्हणजे सर्वांत वेगाची गाडी धरली तरी विषाला कण्यापर्यंत पोहोचायला अडीच दिवस लागतील. नाग चावलेला माणूस उपचाराविना काही तासांत दगावू शकतो. तेव्हा तक्त्यातल्या बाणांच्या वाटेने विष गेलेले नाही, हे फळ्यावरच सिद्ध होते. (संवेदना मात्र याच तंतूतून सेकंदाला कित्येक मीटर धावते. ती विजेसारखी लहर असते, पदार्थाची वाहतूक नव्हे. हा गोंधळ मुलांच्या मनात नेहमी असतो, म्हणून इथेच तो दूर करावा.)

मग विष जाते कसे? दंशाच्या जागेतून ते लसिकावाहिन्यांत आणि रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर सगळ्या शरीरभर पसरते. पायाच्या स्नायूला ते मिळते, तसेच पापणीच्या स्नायूलाही मिळते. मेंदूत मात्र ते सहजी जात नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अशा मोठ्या प्रथिनरेणूंना अडवून धरतात. म्हणजे तक्त्यात जिथे बाण संपतात, तेच विषाला पोहोचायला सर्वांत अवघड ठिकाण आहे!

नागाच्या विषातले मुख्य चेताविष म्हणजे ६० ते ७४ अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी. घडी पडल्यावर तिला तीन बोटे पुढे केलेल्या पंजासारखा आकार येतो. हा रेणू पाण्यात विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या तेलकट पटलातून आरपार जात नाही. त्याला आत जाण्याची गरजही नसते. मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. मज्जातंतूतून आलेला हुकूम ही फट अॅसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने ओलांडतो. स्नायूच्या पटलावर त्याची वाट पाहणारे ग्राही रेणू असतात. अशा एका ग्राहीवर अॅसिटिलकोलीनचे दोन रेणू बसले, की त्याचे दार उघडते आणि स्नायू आकसतो. नागाचे विष येऊन नेमके या जागांवर बसते. कुलपात खडा अडकवावा तसे. किल्ली हातात आहे, हात धडधाकट आहे, पण किल्ली फिरत नाही.

आता मौज पाहा. या विषाला आपण ‘मज्जाविष’ किंवा ‘चेताविष’ म्हणतो, आणि ते काम करते स्नायूच्या पटलावर! मज्जापेशीत ते शिरत नाही, तिला इजाही करीत नाही. मज्जातंतू हुकूम पाठवीतच राहतो. नावामुळे कसा घोटाळा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्यात ‘मज्जा’ या शब्दाचा मूळ अर्थ हाडातला मगज, म्हणजे आणखी एक गोंधळ. ‘चेता’ हा शब्द म्हणूनच मला बरा वाटतो, पण तोही इथे दिशाभूल करतोच.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने १८५०च्या दशकात क्युरारी या दक्षिण अमेरिकेतल्या बाणविषावर केलेला प्रयोग प्रत्येक विज्ञानशिक्षकाला माहीत असावा असा आहे. त्याने बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा बांधून टाकला, पण त्या पायाचा मज्जातंतू मोकळा ठेवला. मग पाठीत क्युरारी टोचले. थोड्या वेळात सारा बेडूक लुळा पडला. बांधलेला पाय मात्र, जिथे विष पोहोचले नव्हते, हलू शकत होता. आणि गंमत अशी, की विष पोहोचलेल्या कातडीला चिमटा घेतला की हा राखलेला पाय झटका देई! याचा अर्थ चिमटा जाणवत होता, मेरुरज्जू काम करीत होता, आणि विषात बुडालेल्या धडातून जाणारा मज्जातंतूही हुकूम नेत होता. बिघाड फक्त शेवटच्या जोडावर होता. तक्ता छापणाऱ्याने हा एक प्रयोग वाचला असता, तरी बाण काढताना त्याचा हात थबकला असता.

कलकत्त्यात काम केलेला जोसेफ फेरर आणि लंडनचा लॉडर ब्रंटन यांनी १८७०च्या दशकात नागाच्या विषावर प्रयोग केले, तेव्हा त्यांनाही क्युरारीशी असलेले साम्य जाणवले. कृत्रिम श्वास दिला तर विष टोचलेल्या प्राण्याचे हृदय बराच काळ चालू राहते, हेही त्या काळात दिसून आले होते. हृदय आपला ठेका स्वतःच धरते, त्याला या जोडाची गरज नसते. मरण येते ते छातीचे स्नायू आणि श्वासपटल लुळे पडल्यामुळे. हे कळल्यावर १८९२ साली प्रसिद्ध झालेली कॉनन डॉइलची ‘द स्पेकल्ड बँड’ ही शेरलॉक होम्सची कथा वाचावी. कलकत्त्यात वैद्यकी केलेला एक दुष्ट डॉक्टर, हिंदुस्थानातून आणलेला साप, आणि चावल्यावर काही सेकंदांत मृत्यू! कथा म्हणून ती मला फार आवडते. पण लेखक स्वतः डॉक्टर होता, आणि त्याच्या विद्यार्थिदशेआधीच हे प्रयोग छापून आले होते. भारतातला कोणताही साप माणसाला इतक्या झटपट मारीत नाही. हा साप शीळ ऐकून परत येतो आणि बशीतले दूधही पितो. आपण नागपंचमीला जे करतो, ते पाहता या बाबतीत होम्सला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

१९६३ साली तैपेईमध्ये चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी तैवानच्या पट्टेरी मण्यारीचे विष विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या घटकांत विभागले. एक घटक स्नायूच्या बाजूला बसणारा निघाला. त्याला आल्फा-बंगारोटॉक्सिन हे नाव मिळाले. दुसरा, बीटा-बंगारोटॉक्सिन, मज्जातंतूच्या टोकावर काम करणारा निघाला. एकाच विषात फटीच्या दोन्ही काठांवर हल्ला करणारी दोन हत्यारे! आल्फा हा घटक ग्राहीला इतका घट्ट चिकटतो, की १९७० साली शांझ्यू, कासाई आणि ली यांनी त्याचाच उपयोग करून विद्युत्-ईल माशाच्या अवयवातून तो ग्राही रेणू हुडकला. तोवर ‘ग्राही’ ही केवळ कल्पना होती. तिला पदार्थाचे रूप मिळाले ते सापाच्या विषामुळे.

मुंगसाची गोष्टही इथेच सांगावी. मुंगूस कुठले तरी मूळ खाऊन विष उतरवते, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. १९९२ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी दाखवले, की मुंगसाच्या स्नायूवरचा ग्राहीच वेगळा आहे. विष बसण्याच्या जागी काही अमिनो आम्ले बदललेली आहेत आणि तिथे साखरेचा झुबका लटकलेला आहे. अॅसिटिलकोलीन आत जाऊ शकते, विषाला मात्र जागा मिळत नाही. विष मज्जेतून मेंदूत जाऊन मारत असते, तर स्नायूवरचे कुलूप बदलून मुंगसाला काय मिळाले असते?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की सापाचे विष मज्जापेशीत शिरतच नाही असे शिकवावे. अलीकडच्या काही सोप्या लेखांतून तसे लिहिलेलेही आढळते. पण ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि मण्यारीने ती उघडी पाडली आहे.

बीटा प्रकारचे विष दोन भागांचे असते. एक भाग मज्जातंतूच्या टोकाला ओळखून चिकटतो. दुसरा भाग फॉस्फोलायपेज नावाचे विकर असतो. ते पेशीच्या पटलातले मेद रेणू चिरते. सुरुवातीला मज्जातंतूचे टोक भरमसाट अॅसिटिलकोलीन सोडते, साठ्याच्या पिशव्या रिकाम्या होतात, नव्या तयार होत नाहीत, आणि शेवटी ते टोकच नष्ट होते. इंग्लंडमध्ये न्यूकासलच्या डिक्सन आणि हॅरिस यांनी १९९९ साली उंदरांच्या स्नायूंत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले : एका दिवसात टोके उद्ध्वस्त झाली, आणि काही दिवसांनी नवी टोके फुटून पुन्हा स्नायूशी जोडली गेली. त्या मुलीच्या काकांना आठ दिवस लागले ते यासाठी. खडा काढला की कुलूप फिरते. इथे मात्र हातच पुन्हा उगवावा लागतो.

हे विकर मज्जापेशीच्या आत जाते का? इटलीतल्या पादुआ येथील गटाने २००५ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मेद चिरल्यावर जे दोन पदार्थ बनतात, त्यांचे मिश्रण त्यांनी विषाविना नुसतेच मज्जापेशींवर टाकले. परिणाम हुबेहूब विषासारखा झाला! पटलात या तुकड्यांची भेसळ झाली, की पिशव्या पटलाला मिळून फुटायला सोपे जाते आणि त्यांना परत आत ओढून घेणे अवघड होते. म्हणजे विषाने उंबऱ्याबाहेर बसून काम केले तरी भागते. पण त्याच गटाने २००८ मध्ये दाखवले, की विषाचे रेणू मज्जापेशीच्या आत जातात, तिथल्या तंतुकणिकांना चिकटतात आणि त्यांच्या पटलातली छिद्रे उघडतात. पेशीचे वीजघरच बंद पडते. त्याच सुमारास स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना येथील संशोधकांनी शिंगाळ्या घोणशीच्या विषाला सोन्याचे सूक्ष्म कण लावून ते उंदराच्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरलेले पाहिले. त्याआधी हेच विष पेशीच्या आतल्या काही प्रथिनांना चिकटते असे त्यांना आढळले होते.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, पण शिकवताना त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रयोग सांगतो, की हल्ल्याला सुरुवात करण्यासाठी आत शिरणे आवश्यक नाही. दुसरा सांगतो, की विष आत शिरते. आत गेल्यावर केलेल्या नासधुशीचा एकूण परिणामात वाटा किती, हा तिसराच प्रश्न, आणि बशीत वाढवलेल्या पेशींवरून त्याचे उत्तर काढताना जपून बोलले पाहिजे. ‘आत आढळले’ आणि ‘आत जाऊन मारले’ या दोन विधानांत फरक आहे. चोर घरात सापडला म्हणजे तिजोरी त्यानेच फोडली असे होत नाही. आणि कितीही आत शिरले तरी हे शिरणे टोकापुरतेच आहे. मारण्यासाठी त्याला मेरुरज्जूकडे प्रवास करावा लागत नाही. आपला तक्ता इथेही चुकीचाच ठरतो.

पण मग तो बाण आला कुठून? मला वाटते, तो शरीरशास्त्रातून आलेला नाही, आपल्या भाषेतून आलेला आहे. आपण म्हणतो विष ‘चढले’, विष ‘भिनले’. मांत्रिक विष ‘उतरवतो’. चढायचे म्हणजे खालून वर, पायाकडून डोक्याकडे. चित्रकाराने या क्रियापदाचेच चित्र काढले आणि त्याला शास्त्र वाटावे म्हणून पिवळा मज्जातंतू जोडून दिला. गावात आजही दंशावर करकचून दोरी बांधतात. त्यामागेही वर चढणारे काहीतरी वाटेत अडवण्याचीच कल्पना आहे. अशा आवळलेल्या दोरीने अवयव सडण्याचा धोका असतो. अवयव हलू न देणे, माणसाला चालू न देणे आणि ताबडतोब दवाखान्यात नेणे हे खरे प्रथमोपचार आहेत. स्नायूंच्या हालचालीने लसिका वाहते आणि तिच्याबरोबर विषही, हे मुलांना सांगितले, की नियम पाठ करावा लागत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येते. विष सगळीकडे सारखेच पोहोचते, पण सगळे जोड सारखेच भक्कम नसतात. बहुतेक स्नायूंच्या जोडांत गरजेपेक्षा बरीच राखीव क्षमता असते. पापण्या आणि डोळे फिरवणारे छोटे स्नायू सतत कामात असतात. त्यांची राखीव बाजू लंगडी, म्हणून ते आधी दमतात. मग घसा, मान, आणि शेवटी श्वासपटल. मण्यारीच्या दंशात अनेकदा दंशाची खूणही दिसत नाही, सूज नसते, वेदना नसते. पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस उठतो आणि त्याचे डोळे उघडत नाहीत. पडलेल्या पापण्या हीच त्या वेळी सापाची सही.

तक्त्यातल्या चुकीचे मला खरे भय वाटते ते एका वेगळ्या कारणाने. विष मेंदूत जाते असे ज्याने शाळेत पाठ केले, तो मोठेपणी मण्यार चावलेल्या माणसाकडे पाहून काय समजेल? हाक मारली तर ओ नाही. चिमटा घेतला तरी हालचाल नाही. डोळ्यांवर बॅटरी मारली तर बाहुल्याही आकसत नाहीत. मेंदू गेला असेच त्याला वाटणार. पण बाहुलीचा स्नायूही लुळा पडलेला असतो म्हणून ती आकसत नाही, आणि आतला माणूस जागा असू शकतो. मेंदू मृत झाल्यासारखे दिसणारे रुग्ण श्वास देत राहिल्यावर पूर्ण बरे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या मुलीचे काका नंतर सांगत, की खाटेशेजारी कुणीतरी ‘आता काही राहिलं नाही, घरी न्या’ म्हणाले, ते त्यांनी ऐकले होते. ओरडावेसे वाटत होते, पण ओठ हलत नव्हते. त्यांच्या बायकोने न्यायला नकार दिला.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतली बहुतेक खेड्यांतली. नागाच्या दंशात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन दिले तर पुष्कळदा पापण्या उघडतात, कारण अॅसिटिलकोलीन वाढले की ते खडे अडकलेल्या कुलपांतूनही वाट काढते. मण्यारीच्या दंशात जो हुकूम पाठवायचा तोच पाठवणारे टोक नष्ट झालेले असते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण तुटलेले टोक जोडू शकत नाही. तिथे श्वास देत राहणे हाच उपचार. ‘दोन्ही साप मज्जाविषारी’ एवढे एक खाते करून आपण मोकळे होतो, तेव्हा हा फरक मुलांच्या हातून निसटतो.

आता तक्त्याविषयी. तो फेकून द्यावा असे आधी वाटले होते. पण जरा विचार केल्यावर लक्षात आले, की चित्र खोटे नाही, नाव चुकले आहे. जखमेतून मज्जातंतूच्या टोकात शिरणारे, तंतूच्या आतल्या रुळांवरून उलट्या दिशेने ओढले जाणारे, मेरुरज्जूत पोहोचून तिथून शेजारच्या पेशीत उडी मारणारे एक विष खरोखर आहे. ते धनुर्वाताच्या जंतूचे. जखम झाल्यावर धनुर्वाताची लक्षणे दिसायला साधारण आठवडाभर, कधी तीन आठवडे लागतात, आणि जखम कण्यापासून जितकी दूर तितका सहसा उशीर. वर केलेले अडीच दिवसांचे गणित इथे लागू पडते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतले विषाणूही मज्जातंतूंच्या वाटेनेच जातात.

तेव्हा मी नागाच्या चित्रावर कागद चिकटवून त्यावर गंजका खिळा काढला. वाक्यातल्या ‘नाग व मण्यार’ या शब्दांच्या जागी ‘धनुर्वाताचे जंतू’ लिहिले, आणि ‘मेंदूपर्यंत पोहोचते’च्या पुढचे सगळे खोडले. वरचे बाण ब्लेडने खरवडून मेरुरज्जूपाशी थांबवले. सापाचा तक्ता या वर्षी नववीची मुले स्वतः काढणार आहेत. त्यात पायाजवळ एक बाण असेल, रक्तवाहिनीत शिरणारा, आणि बाकी सगळा कागद एका फटीसाठी मोकळा ठेवायचा असे ठरले आहे.